छत्तीसचा आकडा

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई ३८ वर्षांच्या आहेत. नोकरी करतात. घरी नवरा, दोन शाळकरी मुलं आणि सहा महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. महिन्याभरापूर्वी ऑफिसने सगळ्यांना मानसिक स्वास्थ्याची एक छोटी प्रश्नावली भरायला दिली. प्रश्न पाचच. गेल्या दोन आठवड्यांत मन आनंदी होतं का, शांत होतं का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटत होतं का आणि रोजच्या दिवसात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येक उत्तराला शून्य ते पाच गुण. बाईंची उत्तरं होती २, २, १, ० आणि ४. गुण आले १०० पैकी ३६, आणि खाली लिहून आलं, ‘५० पेक्षा कमी : मानसिक स्वास्थ्य कमी’. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला ७६ मिळाले. त्या दिवसापासून बाई रोज रात्री मोबाइलवर तीच प्रश्नावली भरतात. ४०, ३२, ४४ असं होत होत एकदा २८ आले आणि त्या रात्री त्यांना झोपच लागली नाही. त्या लिहितात, “संसार चांगला आहे, नवरा समजूतदार आहे, मुलं गुणी आहेत. एवढं सगळं असून मी नापास कशी? मी कृतघ्न आहे का? की मला नैराश्य आलंय? नवरा म्हणतो, पाच प्रश्नांनी काय कळतं, सोडून दे. पुढच्या महिन्यात ऑफिस पुन्हा भरायला लावणार आहे, नावानिशी. सरळ ८० येतील असं भरून टाकू का?”

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात ‘नापास’ हा शब्द चार वेळा आलाय. मी मोजला, कारण तो जिथे जिथे आला तिथे मला थांबावंसं वाटलं. मराठीत आपण दोन माणसांत छत्तीसचा आकडा आहे म्हणतो. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून उभे असतात म्हणून. तुमचं त्या पाच उत्तरांशी तसंच झालंय. उत्तरं तुम्हीच दिलीत, पण बेरीज झाल्यावर त्यांच्याकडे पाठ फिरवलीत आणि बेरजेकडेच बघत बसलात. आज आपण बेरीज बाजूला ठेवू आणि ती पाच उत्तरं पुन्हा एकेक करून वाचू.

आधी ही प्रश्नावली कुठून आली ते सांगते. तुम्ही जे वर्णन केलंय ते जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच प्रश्नांच्या स्वास्थ्य निर्देशांकाचं आहे. संघटनेच्या युरोप विभागाने तो १९९८ मध्ये पुढे आणला. डेन्मार्कचे मानसोपचारतज्ज्ञ पेर बेक यांचं त्यामागे मोठं काम होतं. आधी २८ प्रश्न होते, ते गाळत गाळत १० झाले आणि शेवटी ५ उरले. आज तीसहून जास्त भाषांत तो वापरतात. त्यात आजाराबद्दल एकही प्रश्न नाही, ही मला त्यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. ‘रडू येतं का’, ‘निराश वाटतं का’ असं तो विचारत नाही. आनंद, शांतता, उत्साह, झोपेनंतरचा ताजेपणा आणि मनाचं रमणं, एवढंच विचारतो. आजाराचं नाव घेतलं की माणसं आखडतात. चांगल्याबद्दल विचारलं की मोकळेपणाने उत्तर देतात.

पाच उत्तरांची बेरीज शून्य ते पंचवीस येते, तिला चारने गुणलं की शंभरापैकी गुण. तुमची बेरीज ९, म्हणून ३६. एखाद्या एका प्रश्नात ‘निम्म्याहून कमी वेळ’ऐवजी ‘निम्म्याहून जास्त वेळ’ असं म्हटलंत की लगेच चार गुण वाढतात. म्हणजे ४८ वाल्या माणसात आणि ५२ वाल्या माणसात फरक काय, तर एका प्रश्नात एका पायरीचा. पन्नासची रेषा ओलांडली की आत आणि बाहेर असं काही मनात नसतं. ती रेषा डॉक्टरांच्या सोयीसाठी आखलेली आहे, कोणाशी थोडं जास्त वेळ बोलायचं हे ठरवता यावं म्हणून.

आता पहिला मोठा प्रश्न, तुम्हाला नैराश्य आहे का. हे मी पत्रावरून सांगू शकत नाही आणि ती प्रश्नावलीही सांगू शकत नाही. तिचं काम चाळणीचं. निदान करणं हे तिचं कामच नव्हे. चाळणीचं गणित कसं चालतं ते एका काल्पनिक उदाहरणाने बघा. समजा शंभर माणसांपैकी दहांना खरोखर नैराश्य आहे. प्रश्नावली त्यातल्या नऊ जणांना बरोबर पकडते, म्हणजे चांगलंच काम करते. उरलेल्या नव्वदांपैकी अठरा जणांनाही ती चुकून पकडते, कारण कोणाचा ताप नुकता उतरलाय, कोणाच्या घरी तान्हं मूल आहे, कोणी परीक्षेच्या तोंडावर आहे. पकडले गेले सत्तावीस, त्यातले नैराश्य असलेले नऊ. तीनात एक. म्हणून गुण कमी आले की ‘मला आजार आहे’ असं म्हणायचं नसतं, आणि ‘काही नाही, चुकून आलं’ असंही म्हणायचं नसतं. ‘एकदा नीट बघून घेऊ’ असं म्हणायचं असतं.

तुमच्या यजमानांचं ‘पाच प्रश्नांनी काय कळतं’ हे म्हणणं म्हणूनच मला अर्धं पटतं. पाच प्रश्नांनी निदान कळत नाही हे खरं. पण त्यांनी काहीच कळत नाही हे खरं नाही. मुळात असा संकेत आहे की बेरीज तेरापेक्षा कमी आली, किंवा एखाद्याच प्रश्नाला शून्य किंवा एक असं उत्तर आलं, तरी पुढची तपासणी करावी. तुमच्या बाबतीत दोन्ही झालंय. ते सोडून देऊ नका. घाबरूही नका, पण डॉक्टरांकडे जा, आणि येत्या पंधरा दिवसांत जा. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलात तरी चालेल. थकवा आणि निरुत्साह यांची मुळं कधी शरीरातही असतात. रक्त कमी असणं, थायरॉइडचं काम मंदावणं, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेत श्वास अडखळणं, यातलं काहीही माणसाला असंच ओढून खाली नेतं, आणि या प्रत्येकाची तपासणी करता येते. शरीरात काही सापडलं नाही, किंवा सापडूनही मन उभारी धरत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक.

इथे एक गोष्ट स्पष्ट विचारते, कारण या पाच प्रश्नांत ती नाही. जगू नये, आपण नसतो तर बरं, स्वतःला काही करून घ्यावं, असे विचार मनात येतात का? तुमच्या पत्रात तसं काही नाही. पण हे सदर वाचणाऱ्या कोणाच्याही मनात तसं येत असेल, तर गुण कितीही असोत, ८० असोत की २०, कशाचीही वाट बघू नका. आजच जवळच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा आणि आजच डॉक्टर, रुग्णालय किंवा मदतवाहिनी गाठा.

आता कृतघ्नतेचं बघू. हा शब्द वाचून मला वाईट वाटलं. त्या प्रश्नावलीत संसार कसा आहे, नवरा कसा आहे, आयुष्याबद्दल समाधान आहे का, हे कुठेच विचारलेलं नाही. तसं विचारणाऱ्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. १९८५ मध्ये मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुष्याबद्दलच्या समाधानाची एक पट्टी प्रसिद्ध केली. तीही पाचच वाक्यांची आहे, पण ती विचारते वेगळं : एकंदर आयुष्याचा विचार केला तर तुम्ही समाधानी आहात का? ती भरलीत तर तुम्हाला कदाचित चांगले गुण मिळतील. आयुष्याबद्दल समाधानी असणं आणि गेले पंधरा दिवस दमून जाणं या दोन गोष्टी एकाच माणसात, एकाच घरात सुखाने राहू शकतात. त्यात कोणाचा अपमान होत नाही. तुम्ही ज्याला उत्तर दिलंत तो प्रश्न पंधरा दिवसांचा होता, आणि ते उत्तर तुम्ही आख्ख्या आयुष्याला लावून बसलात.

स्वास्थ्य या आपल्या शब्दाकडे बघा. स्वस्थ म्हणजे स्व-मध्ये स्थित, स्वतःच्या ठिकाणी असलेला. रात्रीतून दोनदा उठणाऱ्या माणसाला स्वतःच्या ठिकाणी बसायला वेळ कधी मिळतो?

हे मी कुठून आणलं असं वाटेल. तुमच्याच पत्रातून. तिसऱ्या पानावर, अगदी जाता जाता, तुम्ही लिहिलंय की सासूबाईंना कूस बदलून द्यायला रात्री एक वाजता आणि चार वाजता उठावं लागतं. मग पुन्हा आकड्यांकडे वळलात, त्यावर एक वाक्यही पुढे लिहिलं नाहीत. मी मात्र तिथेच अडकले. तुमचं चौथं उत्तर शून्य आहे. ‘सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं का’ याला ‘कधीच नाही’. सहा महिने रोज रात्री दोनदा उठणाऱ्या कोणत्या माणसाने इथे दुसरं उत्तर दिलं असतं? तिसरं उत्तर, उत्साहाचं, १ आहे, आणि ते चौथ्याच्या पाठोपाठच आलंय. पाचवं उत्तर मात्र ४. रोजच्या दिवसात मन रमेल असं काही असतं का, याला तुम्ही ‘बहुतेक वेळ’ म्हणालात! कशात रमतं तेही लिहिलंय, मुलीला गणित शिकवण्यात आणि ऑफिसातल्या नव्या कामात. दुसऱ्या कोणाला २, २, २, २, १ अशी उत्तरं देऊनही ३६ मिळाले असते. त्या माणसाची झोप तुमच्यापेक्षा बरी असती, पण त्याचं मन फारसं कशात रमत नसतं, आणि त्याच्याशी मी आज वेगळंच बोलले असते. बेरीज तीच, माणसं दोन. तुमच्या ऑफिसने बेरीज करून हा सगळा तपशील पुसून टाकला.

तुमच्या ३६ मधला मोठा वाटा मनाच्या दोषाचा नसून घरातल्या रात्रींच्या वाटणीचा असावा असा माझा अंदाज आहे. अंदाजच, कारण अपुऱ्या झोपेमुळे मन खालावतं आणि मन खालावलं की झोप उडते, हे चक्र कुठून सुरू झालं ते डॉक्टरच पाहून सांगतील. म्हणून त्यांच्याकडे जाणं टळत नाही. जाताना बेरीज सांगू नका. पाच उत्तरं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे एक ओळ. ‘उत्साह : १. दुपारी तीननंतर पाय ओढत चालते.’ ‘झोप : ०. एक आणि चार वाजता उठते, चारनंतर पुन्हा डोळा लागत नाही.’ असं. डॉक्टरांना हे ऐकायला दोन मिनिटं लागतील आणि ३६ या आकड्यापेक्षा त्यातून त्यांना कितीतरी जास्त कळेल.

रोज रात्री भरणं मात्र आजपासून बंद करा. यात मी अडून बसणार आहे. प्रश्न ‘गेल्या दोन आठवड्यांत’ असा आहे. काल भरलं आणि आज भरलं, तर चौदापैकी तेरा दिवस तेच आहेत. मग ४४ वरून २८ वर गुण कसे आले? ते तेरा दिवस बदलले नाहीत, ते आठवण्याची तुमची त्या रात्रीची मनःस्थिती बदलली. त्या दिवशी मुलाला ताप होता असं तुम्हीच लिहिलंय. तापलेल्या मुलाशेजारी बसून मागचे चौदा दिवस आठवले तर सगळेच तापलेले दिसणार. माणूस उत्तर देताना दिवस मोजत नाही, आत्ताच्या मनाने मागे बघतो. म्हणून अशा पट्टीवर चार गुणांची चढउतार म्हणजे काहीच नाही. दहा किंवा त्याहून जास्त गुणांचा फरक पडला तर तो दखल घेण्याजोगा, असं संशोधक धरतात. गुण चारच्या पटीत हलत असल्यामुळे प्रत्यक्षात निदान तीन पायऱ्या हव्यात. तोही फरक दोन वेगवेगळ्या पंधरवड्यांतला हवा, एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीतला नको.

मोजायचंच असेल तर असं मोजा. दर पंधरा दिवसांनी एकदा, शक्यतो त्याच वारी, त्याच वेळी, आणि रात्री झोपण्यापूर्वी मुळीच नको. दिवसभराचा शीण तेव्हा प्रत्येक उत्तरात उतरतो. सकाळी कामाला लागण्याआधी किंवा सुट्टीच्या दिवशी दुपारी भरा. वहीत तारीख, पाच आकडे, बेरीज न करता, आणि खाली त्या पंधरवड्याबद्दल दोन ओळी. तीन महिने. सहा-सात नोंदी झाल्या की पान समोर ठेवून आडवं न वाचता उभं वाचा, म्हणजे एकेका प्रश्नाची रांग. चौथ्या प्रश्नाची रांग हलली का? ती हलल्यावर तिसऱ्याची हलली का? मी स्वतः गेली काही वर्षं अशीच वही ठेवते. माझी दुसऱ्या प्रश्नाची, मनःशांतीची रांग सगळ्यांत आधी घसरते असं मला त्यातूनच कळलं, आणि ती घसरली की मी हातात घेतलेलं काम कमी करते. दुसऱ्या कोणाच्या वहीत वेगळीच रांग आधी घसरेल.

शेजारच्या टेबलावरच्या ७६ बद्दल फार लिहायची गरज नाही. ‘निम्म्याहून जास्त वेळ’ हे तुमच्या मनात किती आणि तिच्या मनात किती, हे कोणी मोजलेलं नाही. शिवाय ‘कशी आहेस’ असं विचारलं की ‘मजेत’ म्हणून मोकळी होणारी माणसं असतात, आणि खरंखुरं विचार करून उत्तर देणारी असतात. तुम्ही दुसऱ्या प्रकारच्या आहात. तुमची तुलना तुमच्याच मागच्या पानाशी करा.

राहिलं ऑफिस. ८० येतील असं भरू का, हे तुम्ही विचारलंत, आणि तुम्हाला ते खोटेपणाचं वाटतंय हे कळतं. मी तुम्हाला दोष देणार नाही. नावानिशी मागितलेल्या प्रश्नावलीत माणसं स्वतःला सांभाळून उत्तरं देतात, हे ती मागणाऱ्यांनीच ओळखायला हवं होतं. ही पट्टी खरं उत्तर देणाऱ्याला धोका नसेल तेव्हाच काम करते. एखाद्या विभागाची सरासरी वर गेली तर साहेबांचं कौतुक, असं एकदा ठरलं की सरासरी वर जाते आणि माणसं तिथेच राहतात. गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल अशाच अर्थाचं काही मांडलं होतं, आणि ते मनाच्या मापनालाही लागू पडतं.

पण ८० भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. उत्तरं कोण बघणार? ती किती दिवस ठेवणार? आणि भरणं सक्तीचं आहे का? लेखी विचारा, साध्या शब्दांत, तक्रारीचा सूर न लावता. ‘नाव गुप्त राहील’ असं उत्तर आलं तर तुमच्या विभागात किती जण आहेत ते बघा. पाच-सहा जणांच्या विभागाची सरासरी जाहीर झाली तर कोणाचं काय हे ओळखायला वेळ लागत नाही. उत्तरं फक्त बाहेरच्या समुपदेशकांकडे जात असतील आणि कमी गुण आलेल्यांना ते स्वतः मदत देऊ करत असतील, तर खरं भरा. त्याचा तुम्हाला उपयोग आहे. तुमच्या वरिष्ठांना दिसणार असतील, किंवा सरळ उत्तरच मिळालं नाही, तर ‘मी हे भरू इच्छित नाही’ असं म्हणा. तेवढं म्हणणंही अवघड असेल अशी नोकरी असते, हे मला माहीत आहे. तिथे तुम्ही काय भरता हा तुमच्या पोटापाण्याचा निर्णय आहे आणि मी त्यावर न्यायाधीश होऊन बसणार नाही. फक्त एक करा. ऑफिसच्या कागदावर काहीही लिहिलंत तरी वहीतली उत्तरं खरी ठेवा. दोन्हीकडे ८० लिहायला लागलात तर तुमची खरी परिस्थिती माहीत असणारं कोणीच उरणार नाही.

अशीच पत्रं इतरांचीही आली आहेत, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. गुण चांगले येऊनही आतून बरं वाटत नसेल, तर आतल्या वाटण्यावर विश्वास ठेवा. पाच प्रश्नांच्या बाहेर पुष्कळ काही असतं : भीती, दारू, घरातला मार, जुना धक्का. यातलं काहीच तिथे विचारलेलं नाही. आणि आईवडिलांची किंवा जोडीदाराची प्रश्नावली त्यांच्या वतीने भरू नका. ही पट्टी स्वतःबद्दल स्वतः सांगण्याची आहे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, पण उत्तरासाठी थांबा. ‘बरंच वाटतंय ना, हो ना?’ असं विचारलं की समोरचा मान डोलावतो.

शेवटी तुमच्या यजमानांबद्दल. ते समजूतदार आहेत असं तुम्ही दोनदा लिहिलंय. मग त्यांना ३६ दाखवू नका, त्यावर ते पुन्हा ‘सोडून दे’ म्हणतील. चौथं उत्तर दाखवा आणि सांगा, “एक वाजता आणि चार वाजता मी उठते, सहा महिने झाले.” कदाचित त्यांनी ते कधी मोजलेलंच नसेल, झोपलेल्या माणसाला उठणारं माणूस दिसत नाही. आठवड्यातल्या तीन रात्री त्यांच्या, आणि त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून. कूस कशी बदलायची, उशी कुठे लावायची हे एकदा शिकवावं लागेल. पहिल्या दोन रात्री तुम्हाला तरीही जाग येईल. उठू नका. परवडत असेल तर एखाद्या रात्री मदतनीस ठेवण्याचं आणि इतर नातेवाइकांना शनिवार-रविवार वाटून देण्याचंही दोघं मिळून बोला.

मोबाइलवरची प्रश्नावली आज रात्री काढून टाका. डॉक्टरांची वेळ उद्या सकाळी घ्या. आणि दिवे मालवण्याआधी यजमानांना विचारा, की आज एक वाजता कोण उठणार आहे.